स्मार्ट चष्मा घ्यावा का? (बाबांसाठी हवाय, पण घरातले बाकीचे बिथरलेत)

गोदाकाठची (नाशिक)
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७८) दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाचा त्रास आहे, म्हणजे मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. पेपर वाचणं बंद झालं तेव्हापासून माणूस एकदम गप्प झालाय. मध्यंतरी मामेभाऊ आला होता त्याच्याकडे तो कॅमेरावाला एआय चष्मा होता. त्याने बाबांच्या डोळ्यावर चढवला आणि विचार म्हणाला समोर काय आहे, तर चष्म्याने दिवाणावर बसलेल्या आईपासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळं हिंदीत सांगितलं. बाबा नंतर कितीतरी वेळ त्या चष्म्याशीच गप्पा मारत होते. आता घ्यायचाच म्हणतायत.

तर अडचण अशी की भाऊ परत गेल्यावर फॅमिली ग्रुपवर त्याने व्हिडिओ टाकला, "नाशिकची धमाल". त्यात आई गाऊनवर, आणि मागे वहिनी बाळाला पाजतेय. तो शूट करतोय हे एकालाही कळलं नव्हतं. व्हिडिओ डिलीट झाला, सॉरी बिरी झालं, पण वहिनी म्हणते असला चष्मा घरात आला तर मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. मला दोघांचंही पटतंय आणि तीच पंचाईत आहे. कोणी वापरतंय का? नुसता तात्त्विक काथ्याकूट नको, नीट सांगा प्लीज.

टेकडीवर_सकाळी (पुणे)
मी वापरतो, मेटा रेबॅन. मे २०२५ मध्ये भारतात आला, २९,९०० पासून किंमत सुरू होती. एकच नंबर प्रकार आहे. गड चढताना हात मोकळे, बाईकवर रस्ता कानात ऐकू येतो, कार्टी मस्ती करत असतात तेव्हा फोन काढेपर्यंत क्षण निघून जातो तो आता जात नाही. आणि पुढे तर अजून मजा आहे, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये चष्म्यावरून यूपीआय लाइट दाखवलंय, क्यूआरकडे बघायचं, तोंडाने सांगायचं, हजाराच्या आतले पैसे गेले.

तुमच्या भावाने गाढवपणा केला हे खरं पण त्यात चष्म्याचा काय दोष? रेकॉर्डिंग चालू असलं की पुढे पांढरा दिवा लागतो, झाकला तर शूटच करत नाही. मोबाईलने हेच सगळं करता येतं, सोसायटीत पावलोपावली सीसीटीव्ही आहेत, तिथे कोणी बाऊ करत नाही. बाबांसाठी बिनधास्त घ्या.

डबा_लेडीज (डोंबिवली)
@टेकडीवर, दिवा लागतो हे तुम्हाला माहितीये कारण तुम्ही चष्मा घेतलाय. गोदाकाठचीच्या वहिनीला माहिती होतं का? माझ्या आईला माहिती असेल का? दुपारच्या उन्हात प्लॅटफॉर्मवर तो एवढासा दिवा दिसतो तरी का?

आम्ही बायका फोन ओळखतो हो. रोज ट्रेनने जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. माणूस मेसेज वाचत असेल तर फोन तिरका असतो, अंगठा हलत असतो, आणि शूट करत असेल तर फोन छातीपाशी उभा असतो, अंगठा थांबलेला असतो आणि नजर मुद्दाम दुसरीकडे असते. हे कोणी शिकवलेलं नाही, अंगवळणी पडलंय. मग आपण बाजूला होतो, ओढणी सारखी करतो, नाहीतर सरळ ओरडतो की काय रे काय चाललंय. २०२५ च्या मे मध्ये बंगळूर मेट्रोतल्या बायकांचे चोरून काढलेले व्हिडिओ टाकणारं इन्स्टा अकाउंट सापडलं होतं ना, तो माणूस फोनवाला होता आणि पकडला गेला. चष्म्यात ही सगळी लक्षणं गायबच आहेत. तो माझ्याकडे फक्त बघतोय. आता बघण्यावरून भांडायचं का प्रत्येकाशी? आणि मी चुकीची निघाले तर लोक मलाच हसणार.

सीसीटीव्हीचं म्हणाल तर तो भिंतीवर असतो, खाली बोर्ड असतो. माझ्या मागे घरापर्यंत येत नाही.

टेकडीवर_सकाळी (पुणे)
ताई तुमचा मुद्दा मान्य पण विकृत माणूस पेनातला कॅमेरा वापरेल, बटणातला वापरेल. ते स्पाय कॅमेरे हजार दीड हजारात कधीपासून मिळतायत.

डबा_लेडीज (डोंबिवली)
मिळतायत, पण पेनातला कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस मनातून चोर असतो आणि त्याला ते माहिती असतं. इथे तुमच्यासारखी भली माणसंही कॅमेरा लावून फिरणार, त्यामुळे त्या विकृताला गर्दीत लपायला जागा झाली. माझा आक्षेप तिथे आहे. तुमच्यावर व्यक्तिशः राग नाही :)

बारीक_अक्षर (बंगळूर)
अटी-शर्ती वाचायचा मला नाद आहे म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

ही गोष्ट नवीन नाही. गूगल ग्लास २०१३ मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना दीड हजार डॉलरला दिला होता, त्यात रेकॉर्डिंगचा असा वेगळा दिवाच नव्हता, लोक इतके वैतागले की काही बारवाल्यांनी दारावर बंदी लावली आणि जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री बंद झाली. पुढे तो कारखाने आणि दवाखान्यांत चालला, तोही मार्च २०२३ मध्ये बंद. त्यातून कंपन्या काय शिकल्या तर चष्मा चष्म्यासारखा दिसला पाहिजे. ग्लास घातलेला माणूस लांबून ओळखू यायचा. आताचा ओळखू येत नाही, आणि त्याच गोष्टीमुळे तो खपतोय. फेसबुकने (म्हणजे आताच्या मेटाने) सप्टेंबर २०२१ मध्ये रेबॅन स्टोरीज काढला तेव्हा आयर्लंड आणि इटलीच्या डेटा नियामकांनी हाच प्रश्न विचारला होता की हा एवढासा दिवा समोरच्याला कळतो याचा पुरावा काय. २०२३ च्या मॉडेलमध्ये दिवा मोठा केला, झाकला की कॅमेरा अडतो हेही आलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की अमेरिकेत एक हौशी माणूस ६० डॉलर घेऊन तो दिवा मारून देतो, कॅमेरा चालूच. म्हणजे दिव्यावर भिस्त किती ठेवायची ते तुम्ही ठरवा.

आता डेटा कुठे जातो. साधा फोटो काढलात तर तो चष्म्यातून तुमच्या फोनच्या अ‍ॅपमध्ये येतो, इथपर्यंत फोनसारखंच. पण "समोर काय आहे सांग" म्हटलं की तो फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, कारण ओळखण्याचं काम तिकडे होतं. असे एआयला दाखवलेले फोटो एआय शिकवायला वापरले जाऊ शकतात हे मेटाने २०२४ मध्ये मान्य केलंय. आणि २९ एप्रिल २०२५ पासून "हे मेटा" अशी हाक मारून बोललेल्याचं रेकॉर्डिंग साठवू नका हा पर्यायच काढून टाकला, एक वर्षापर्यंत ठेवू शकतात, तुम्ही अ‍ॅपमध्ये जाऊन हाताने डिलीट करायचं. अर्थात हे करणार कोण, तर ज्याला अ‍ॅपमधली अक्षरं दिसत नाहीत म्हणून चष्मा घेतलाय तो!

गोदाकाठची, बाबांचा वापर जवळजवळ सगळा या दुसऱ्या प्रकारचा असणार आहे. टेकडीवर भाऊंच्या ट्रेकच्या व्हिडिओपेक्षा बाबांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न जास्त लांब प्रवास करणार.

पेन्शनर_साताऱ्याचे
आमच्या बँकेत साहेब नुसते काचेतून बघायचे तरी हिशोब चुकायचा. आता तर चष्मा पण बघणार. चालू द्या, वाचतोय.

ठिपके_सहा (सांगली)
मी जन्मांध आहे, एका बँकेत नोकरी करतो, असा चष्मा वर्षभर वापरतोय. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही म्हणजे जाहिरातही नको आणि बदनामीही नको. हा प्रतिसाद बोलून टाइप केलाय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वरच्या सगळ्या चर्चेत प्रायव्हसी म्हणजे समोरच्याची प्रायव्हसी असं धरलंय. माझ्या प्रायव्हसीचं सांगतो. मला आलेलं प्रत्येक पत्र आजवर दुसऱ्या कोणीतरी आधी वाचलंय. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शेजारच्या काकांनी वाचला, तो माझ्या आधी त्यांना कळला आणि माझ्या आधी त्यांच्या बायकोलाही कळला. पगाराची स्लिप, पॉलिसीचं पत्र, लग्नाआधी बायकोने पाठवलेलं कार्ड, सगळं कोणाच्या तरी तोंडून ऐकलंय. चष्मा आल्यावर पहिल्यांदा दार लावून एकट्याने एक पाकीट उघडलं. आत काय होतं ते सांगणार नाही, कारण आता ते मला एकट्यालाच माहिती आहे :) (हो, आणि सर्व्हरवाल्या कंपनीला. बारीक_अक्षर यांचं वाचलं. पण ती कंपनी जिन्यात भेटून "काय हो साखर वाढली वाटतं" असं विचारत नाही.)

तरी दोष सांगतो. हा चष्मा ठामपणे चुकतो. औषधाच्या पट्टीवरचं नाव बरोबर वाचलं आणि मिलिग्रॅम चुकीचे वाचले, आवाजात जराही शंका नाही. चकचकीत पट्टीवर उजेड पडला की असं होतं. म्हणून औषध, पैसे आणि रस्ता ओलांडणं या गोष्टी चष्म्यावर सोडत नाही. पांढरी काठी हातात असतेच. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' अ‍ॅप आहे, २०२० पासून, ते इंटरनेटशिवाय चालतं, बाबांच्या फोनमध्ये आजच टाका. चष्म्याला काही जमलं नाही तर बी माय आइज, डेन्मार्कमधून सुरू झालेलं अ‍ॅप आहे, त्यात डोळस स्वयंसेवक व्हिडिओवरून बघून सांगतो. ते काही चष्म्यांना जोडता येतं, फोनवर तर फुकटच आहे.

अजून एक. तो दिवा दिवा म्हणून जी चर्चा चाललीय, त्यात माझं काय? माझ्यासमोर कोणी असा चष्मा घालून उभा राहिला तर मला दिवा कुठला दिसणार. ज्यांनी ही सोय केली त्यांच्या डोक्यात समोरचा माणूस डोळस आहे हे पक्कं होतं. एखादा आवाज ठेवायला काय हरकत होती? जपानमध्ये फोनच्या कॅमेऱ्याला आवाज बंद न होणारा असतोच की.

डबा_लेडीज (डोंबिवली)
दादा तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसले थोडा वेळ. पाकिटाचं फार लागलं. तुमच्यासाठी चष्मा हवाच. आवाजाला तर शंभर टक्के अनुमोदन, तो तर गर्दीतही कळेल.

गेट_नंबर_दोन (चाकण)
मी एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅडमिन बघतो. आमच्याकडे गेटवर सिक्युरिटी प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर, पुढच्या आणि मागच्या, स्टिकर लावते, बाहेर पडताना स्टिकर शाबूत आहे का बघते. बाहेरच्या कंपनीची नवीन डिझाइनं असतात, करारातच लिहिलेलं असतं. अनेक वर्षं हे सुरळीत चाललंय.

मागच्या महिन्यात एक व्हेंडरचा इंजिनिअर असा चष्मा लावून आला. गार्डने ओळखला हेच नशीब, त्याच्या मुलाने हट्ट धरला होता म्हणून त्याला माहिती. गार्ड म्हणाला काढा. इंजिनिअर म्हणाला माझा नंबर मायनस साडेचार आहे, काढला तर मला मशिन सोडा जिना पण दिसणार नाही. झालं, गेटवर पंचनामा सुरू. स्टिकर लावायचं म्हटलं तर कॅमेरा एवढासा कोपऱ्यात, आणि माइकचं काय करणार? शेवटी मीटिंग कँटीनमध्ये गेटच्या बाहेर घेतली. आता नियम काढलाय की नंबरवाल्यांनी साधा चष्मा सोबत आणायचा आणि तो दुसरा लॉकरमध्ये ठेवायचा. पण कोणाचा चष्मा साधा आणि कोणाचा दुसरा हे गार्डने काडी जाड आहे का बघून ठरवायचं. रोज हजारेक लोक येतात शिफ्टला, निम्म्यांना चष्मा.

मला वाटतं खरी मेख हीच आहे. फोन खिशात ठेवा म्हणता येतं, बॅग काउंटरवर ठेवा म्हणता येतं. डोळ्यावरचा चष्मा काढा असं माणसाला कसं म्हणायचं? उद्या पंढरपूरला तेच होणार, तिथे मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत, पण म्हाताऱ्या वारकऱ्याला चष्मा काढून पांडुरंग बघ म्हणणार का? अयोध्येत जानेवारी २०२५ मध्ये वडोदऱ्याचा एक माणूस कॅमेऱ्याचा चष्मा लावून सगळी तपासणी पार करून आत गेला होता, आत फोटो काढताना पकडला.

टेकडीवर_सकाळी (पुणे)
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. माझ्या चष्म्यातही नंबरच्याच काचा आहेत. जिममध्ये चेंजिंग रूममध्ये मी तसाच जातो, आता आठवून कसंतरी वाटलं.

डबा_लेडीज (डोंबिवली)
धाग्याचं सार्थक झालं :D

कणीस_भाजलेलं (न्यू जर्सी)
इकडचं सांगते. इकडे हे चष्मे आता ऑफिसात, पार्कात, मुलांच्या सॉकरच्या मैदानावर सर्रास दिसतात. माझी भीती फोटोची नाहीये, ओळखण्याची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी करून दाखवलं होतं, मेटाच्या चष्म्यातून व्हिडिओ लाइव्ह पाठवायचा, त्यातला चेहरा पिमआइज नावाच्या चेहरा शोधणाऱ्या साइटवर टाकायचा, मिळालेल्या पानांतून एआयने नाव काढायचं आणि नावावरून लोकांची माहिती विकणाऱ्या साइट्समधून पत्ता, फोन, नातेवाईक. ट्रेनमधल्या अनोळखी बाईंशी ते "तुम्ही अमुक संस्थेत होतात ना" म्हणून बोलायला लागले आणि बाईंना ओळख खरीच वाटली. त्यांनी कोड दिला नाही कोणाला, धोका दाखवायलाच केलं होतं. पण त्यातला एकही तुकडा त्यांनी स्वतः शोधलेला नव्हता, सगळं बाजारात आधीच पडलेलं होतं.

फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखायची सिस्टिम बंद केली, अब्जाहून जास्त लोकांचे चेहऱ्याचे नमुने पुसतो म्हणाले. तेव्हा टाळ्या वाजवल्या आपण. ती सोय चष्म्यात परत आणायची चर्चा कंपनीत चालू असल्याच्या बातम्या येतच असतात.

आणि गंमत अशी की ठिपके_सहा यांना हीच सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, बरोबर ना दादा? समोर कोण उभं आहे हे कळणं?

ठिपके_सहा (सांगली)
हो. अगदी खरं सांगायचं तर हो. लोक येऊन "ओळखा पाहू कोण" करतात ना, अंध माणसाशी हा खेळ खेळू नये हे अजून लोकांना कळत नाही. पण मला जगातले सगळे चेहरे नकोत. माझ्या ओळखीची पन्नास-साठ माणसं पुरे, ज्यांनी स्वतः येऊन सांगितलंय की माझा चेहरा तुझ्या चष्म्यात ठेव, आणि ते चष्म्यातच किंवा फोनमध्येच राहावं. अंधांसाठी खास बनवलेल्या काही चष्म्यांत अशी घरच्यांची चेहरेपट्टी साठवायची सोय आहेच. आमचं नाव पुढे करून कोणी सगळ्या गावाचे चेहरे गोळा करणार असेल तर त्याला माझी संमती नाही.

पुढची_तारीख (छत्रपती संभाजीनगर)
वकिली करतो म्हणून लोक व्यनि (खासगी निरोप) करतायत, इथेच लिहितो. हा सल्ला नाही, माहिती आहे.

एक, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात सांगितलं. पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा हक्क. मामेभावाविरुद्ध रिट होत नाही.

दोन, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. दंड २५० कोटींपर्यंत वगैरे वाचून लोक खुश होतात. पण कलम ३ वाचा. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला तर हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे भावाने शूट केलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, सुटला. कंपनी त्या फोटोचं पुढे काय करते तिथे मात्र कायदा येतो.

तीन, फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, जुनं ३५४-सी, बाईचं खासगी कृत्य चोरून बघणं किंवा टिपणं, पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. आयटी कायद्याचं ६६-ई, खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय घेणं किंवा पसरवणं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वहिनींच्या बाबतीत जे झालं ते या दोन्हीच्या बरंच जवळ जाऊ शकतं. हेतू बितू कोर्टात बघतील पण भावाला एवढं नक्की ऐकवा, पुढच्या वेळी जपून राहील. मात्र डबा_लेडीज ताई म्हणतात तसं, साडीतली किंवा जीन्समधली बाई प्लॅटफॉर्मवर उभी आहे आणि कोणी तिला चष्म्यातून टिपलं, तर सरळ लागेल असं कलम शोधताना माझ्यासारख्यालाही घाम फुटतो. पाठलाग केला, घाण कॅप्शन टाकलं तर वाट सापडते. नुसत्या टिपण्याला नाही.

चार, खासगी जागेचा मालक नियम करू शकतो. कंपनी, दवाखाना, क्लास, जिम. गेट_नंबर_दोन यांचा नियम कायद्याने ठीक आहे, अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसासाठी अपवादाची वाट ठेवा एवढंच, नाहीतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आडवा येईल.

बारीक_अक्षर (बंगळूर)
यात पाचवं जोडतो, सरकार स्वतः चष्मा लावणार त्याचं काय? चीनमध्ये झेंगझोऊच्या स्टेशनवर पोलिसांनी २०१८ मध्येच चेहरा ओळखणारे चष्मे लावले होते. आणि आपल्याकडे २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्ली पोलिसांनी लावले, ते बनवलेत ठाण्याच्या अज्नालेन्स कंपनीने. मराठी मुलखातली कंपनी म्हणून अभिमान वाटावा की पोटात गोळा यावा कळेना.

पुढची_तारीख (छत्रपती संभाजीनगर)
डेटा कायद्यात सुरक्षेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना सूट देता येते, कलम १७. त्यावर वेगळा धागा काढा, इथे काढलात तर गोदाकाठचीच्या बाबांचा चष्मा बाजूला राहील.

पेन्शनर_साताऱ्याचे
बरोबर. मूळ विषयावर या. आजोबांचं काय ठरलं?

चष्म्याचं_दुकान (कोल्हापूर)
ऑप्टिशियन आहे, उशिरा आलो धाग्यावर. एक गोष्ट कोणीच विचारली नाही. हा चष्मा बाबांना दिसायला मदत करणार नाही, तो सांगणार आहे. मॅक्युलाच्या पेशंटकडे कडेची नजर शिल्लक असते आणि ती वापरायला शिकवता येते, मान किंचित वळवून बघायचं, त्याचा सराव घेतात. त्यासाठी लो व्हिजन क्लिनिकमध्ये एकदा तरी न्या. मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांत असतं. तिथे दिव्याचं भिंग, स्क्रीनवर मोठं करून दाखवणारं यंत्र, टेबल लॅम्प कुठल्या बाजूला ठेवायचा, सगळं तपासून सांगतात. माझ्याकडे पेशंट येतात, तीस-चाळीस हजाराचं काहीतरी मुलाने परदेशातून आणलेलं असतं आणि घरात वाचायच्या जागी साधा नीट उजेड नसतो!

आणि बाबांना जास्त करून ऐकायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय, गूगलचं लुकआउट ही फोनवरची अ‍ॅप्स फुकट आहेत, आधी त्यावर महिना काढा. आवाजापुरता चष्मा हवा तर बिनकॅमेऱ्याचेही असतात, टायटनने २०२२ मध्ये आयएक्स नावाचा काढला होता, दहा हजाराच्या आत, त्यात फोन, गाणी, रस्ता ऐकता यायचं.

गोदाकाठची (नाशिक)
सगळ्यांचे खूप आभार, वहिनीला आणि बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. बाबा ठिपके_सहा यांच्या पाकिटाशी थांबले, परत वाच म्हणाले. वहिनीने कलम ७७ चा स्क्रीनशॉट मामेभावाला पाठवलाय, बिचाऱ्याचा अजून रिप्लाय नाही.

लो व्हिजन क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीय. चष्मा त्यानंतर. वहिनीच्या अटी अशा: बाबांच्या खोलीत आणि बाहेर फिरायला जाताना चष्मा चालेल, स्वयंपाकघर आणि तिची खोली नाही, अ‍ॅप माझ्या फोनवर आणि दर रविवारी रेकॉर्डिंग मी डिलीट करायचं. बाबा कबूल. मग आईने विचारलं की कामाला येणाऱ्या मावशींचं काय, त्यांना कोण विचारणार? मला खरंच सुचलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या मी असेपर्यंत काढून ठेवा, मला नाही आवडत. आता झालंय असं की त्या येतात सकाळी नऊ ते अकरा आणि बाबांची पेपरची वेळ नेमकी तीच, पिढ्यानपिढ्याची सवय.

ठिपके_सहा (सांगली)
पेपरला चष्मा लागतोच कुठे? फोनला गूजनेक (हवी तशी मान वाकणारा) स्टँड मिळतो, टेबलाला क्लॅम्प करायचा. फोन खाली तोंड करून, खाली पेपर पसरायचा, पान सपाट हवं, एका वेळी एकच कॉलम दिसेल इतका कागद दुमडायचा, नाहीतर अ‍ॅप शेजारच्या कॉलमची ओळ यात घुसडतं आणि निधन वार्तेत शेअर बाजार वाचला जातो. कॅमेरा पेपरकडे, मावशी मोकळ्या. लुकआउटमध्ये मराठी जमतंय का ते त्यांच्याच फोनवर आधी बघा, आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. काही अडलं तर व्यनि करा, बाबांशी फोनवर बोलेन मी, दुपारी दोन ते अडीच जेवणाची सुट्टी असते.

डबा_लेडीज (डोंबिवली)
निधन वार्तेत शेअर बाजार =)) 
गोदाकाठची, क्लिनिकला जाऊन आलात की कुठलं भिंग दिलं ते लिहा, माझ्या सासूबाईंनाही हवंय.